गच्चीचं हमीपत्र आणि काही साधी साधनं

(सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी इथे घातल्या आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला ‘कॉम्प्युटरवर काहीतरी बोला’ असं सांगितलं. मी कॉम्प्युटरमधला माणूस नाही. नोकरी सगळी बँकेत झाली. पण या विषयावर बोलण्याचा एक अधिकार माझ्याकडे आहे. या सोसायटीत कॉम्प्युटरच्या नादाने सर्वांत मोठं नुकसान कुणी केलं असेल तर ते मी. म्हणून ज्या गच्चीवर आपण आत्ता बसलोय, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, तेव्हा मी सेक्रेटरी होतो. ठेकेदाराने दहा वर्षांचं हमीपत्र दिलं होतं. स्टॅम्प पेपरवर, सही-शिक्क्यासह. मी ते मोबाइलवर स्कॅन करून आपण त्या वेळी घेतलेल्या सोसायटी-ॲपवर चढवलं. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभेची इतिवृत्तं, ठरावांच्या प्रती, सगळंच दोन वर्षं मी त्या ॲपवर चढवत होतो. मला त्याचा फार अभिमान होता. सर्वसाधारण सभेत मी मोबाइल उंच धरून सांगितलं होतं, की आता कपाटाची गरज नाही. पुढे ऑफिसला रंग काढला तेव्हा त्या कपाटातले कागद मी स्वतः रद्दीवाल्याला दिले. चौदा किलो भरले. त्याचे पैसे किती आले ते पावतीसह हिशेबात आहे, तेवढा मी चोख!

२०२२ साली त्या ॲपच्या कंपनीने सेवा बंद केली. तसं त्यांनी कळवलंही होतं, तीस दिवसांची मुदत देऊन, ई-मेलने. तो ई-मेल माझ्या जुन्या पत्त्यावर आला, जाहिरातींच्या ढिगात पडला आणि मी तो उघडला नाही. तोवर मी सेक्रेटरीही नव्हतो. नव्या कमिटीला वाटलं मी बघतोय, मला वाटलं नवी कमिटी बघतेय.

२०२३ च्या जुलैमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरावर पाणी ठिबकू लागलं. ठेकेदाराला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, ‘आमच्याकडे एवढी जुनी फाइल नाही. हमीपत्र दाखवा, काम करून देतो.’ ॲप उघडलं तर पांढरा पडदा. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. अठ्ठेचाळीस फ्लॅट, प्रत्येकी साडेसहा हजार, एकूण तीन लाख बारा हजार रुपये आपण पुन्हा भरले. ताळेबंद ऑडिटरकडे होते म्हणून ते तरी परत मिळाले. बाकी सहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला तो गेलाच. सभेत मला कुणी फारसं बोललं नाही. एक-दोघं बोलली असती तर बरं वाटलं असतं. काकूंनी तर वर मलाच चहा पाजला, डोक्यावर पसरलेल्या प्लॅस्टिकखाली.

त्या पावसाळ्यात मी दोन गोष्टी केल्या. उरलेलं दप्तर गोळा करायला बसलो, आणि हे असं का होतं ते समजून घ्यायला लागलो. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या खटपटीत सापडलेलं आहे.

आधी दप्तराचं सांगतो. २००० ते २००४ ची इतिवृत्तं आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी हाताने लिहिलेली आहेत. जाड लाल पाठीची वही, निळी शाई, प्रत्येक पानाला क्रमांक. माझ्या रद्दीतून ती वाचली, कारण ती कपाटात नव्हतीच, त्यांच्या घरी होती. पंचवीस वर्षांनीही ती वही उघडली की वाचता येते. पुढच्या सहा वर्षांची इतिवृत्तं कॉम्प्युटरवर टाइप केलेली, एका सीडीत. सीडी मिळाली, चालूही झाली. पण फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर, टक्केवारीच्या खुणा, मध्येच पौंडाचं चिन्ह. एक शब्द लागेल तर शपथ.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा माल असणार. कुणाची जुनी लग्नपत्रिका, कुणाचा एम. ए. चा प्रबंध, कुणाच्या वडिलांच्या कविता. त्या काळी मराठी टाइप करायला वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट होते. कॉम्प्युटरला मराठी कळतच नव्हतं. तो आतमध्ये इंग्रजीचंच एखादं अक्षर ठेवायचा आणि फाँट त्याच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. कुठल्या अक्षरावर कुठला मुखवटा, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. फाँट असेपर्यंत मराठी दिसायचं. फाँट गेला की मुखवटा उतरला आणि खालचा कचरा उघडा पडला.

यावर उत्तर म्हणजे यूनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात होती. कल्पना इतकी सरळ आहे की बँकवाल्याला लगेच पटावी. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा खाते क्रमांक. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५. तो कोल्हापुरातही तोच, कॅलिफोर्नियातही तोच, आणि फाँट कुठलाही घ्या, ‘क’ हा ‘क’च राहतो. आज मोबाइलवर आपण मराठी लिहितो ते यूनिकोडच असतं, म्हणून समोरच्याला वाचता येतं. बऱ्याच छापखान्यांत मात्र अजूनही जुन्या फाँटातलं काम चालतं. या स्मरणिकेचा मजकूर देताना मी संपादकांना विचारून घेतलं, यूनिकोडची प्रत तुमच्याकडे ठेवणार ना? ते हसले, पण ‘ठेवू’ म्हणाले.

तर त्या सीडीतल्या कचऱ्याचं काय करायचं? मुलाने सांगितलं, ‘बाबा, हे कुणाकडून तरी पुन्हा टाइप करून घ्या.’ मग मला एक पान सापडलं. जुन्या फाँटातला मजकूर यूनिकोडमध्ये बदलून देणारी अशी पानं काही हौशी मंडळींनी बनवून ठेवली आहेत, बरीचशी हिंदीवाल्यांनी. दिसायला अगदी गबाळी. वर एक चौकट, खाली एक चौकट, मध्ये एक बटण. वरच्या चौकटीत कचरा ओतायचा, बटण दाबायचं, खाली देवनागरी. आत दुसरं काही नसतं, अक्षरांच्या जोड्यांची एक लांबलचक यादी असते, ह्या खुणेच्या जागी हे अक्षर. पान एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. नाव नोंदवा नाही, पैसे नाहीत, जाहिरात नाही. आमच्या फाँटाशी जुळणारं पान मिळायला दोन दिवस गेले, र्‍हस्व-दीर्घाच्या आणि रफाराच्या चुका हाताने काढायला तीन आठवडे. पण सहा वर्षांची इतिवृत्तं परत आली.

त्यातलं पहिलंच इतिवृत्त उघडलं. सोसायटीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा ठराव ज्या विशेष सभेत झाला, तीच सभा. नवा कॉम्प्युटर आल्यावर पहिल्यांदा तीच टाइप केली असणार. शेवटी लिहिलंय, ‘एका सभासदांनी सदर खरेदी अनावश्यक असल्याचे सांगून विरोध नोंदविला.’ पुढे फ्लॅट नंबर आहे. तो माझाच आहे. वीस वर्षांपूर्वी मी किती शहाणा होतो बघा!

ते पान बनवणाऱ्याला मी ओळखत नाही. त्याला कधी भेटणारही नाही. पण तेव्हापासून मला अशा साधनांचा आणि अशा पानांचा नाद लागला. मोठ्या कंपन्यांची दुकानं आपल्याला ठाऊक असतात, कारण ती आपल्या दारात येऊन ओरडतात. ही माणसं ओरडत नाहीत. त्यांच्याकडे आपल्यालाच जावं लागतं.

पहिलं साधन प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर आधीच आहे आणि त्याला कुणी किंमत देत नाही. नोटपॅड. त्याच्या साध्या फाइलीत रंग नाही, ठळक नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. पण नुसत्या अक्षरांची फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही कंपनीच्या परवानगीशिवाय उघडते. नोटपॅडच्या फाइलला ‘आवृत्ती जुनी झाली, पैसे भरा’ असं कधी म्हणता येत नाही. सोसायटीच्या सगळ्या कागदांची सूची आता मी अशाच साध्या फाइलमध्ये ठेवतो. एका ओळीत एक कागद: तारीख, विषय, कुठे ठेवलाय.

आणि फाइलच्या नावाची एक युक्ती. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि मग विषय लिहायचा. २०१८-०५-१२ गच्ची हमीपत्र. असं केलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला की सगळ्या सालांची खिचडी होते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरंच’ अशी नावं आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहेत, कुणी ठेवली ते मी विचारत नाही. आणि नाव अर्धवटच आठवत असेल तर ‘एव्हरीथिंग’ नावाचं विंडोजवर चालणारं एक छोटंसं फुकट साधन आहे. नावाचे दोन तुकडे टाइप करा, बोट उचलायच्या आत फाइल समोर.

दुसरं व्हीएलसी. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, एकोल सॉन्त्राल पॅरिसमध्ये, १९९६ साली विद्यार्थ्यांनी होस्टेलच्या नेटवर्कवरून टीव्ही बघता यावा म्हणून हे काम सुरू केलं. त्या पोरांना रस्त्यावरचे शंकू उचलून आणायची खोड होती, म्हणून ते चिन्ह. २००१ मध्ये त्यांनी तो सगळा प्रोग्रॅम आतल्या लेखनासकट जगाला खुला केला. आजही त्यात एक जाहिरात नाही. पैसे देऊन जाहिराती घाला म्हणणारे आले होते, ते लोक ‘नाही’ म्हणाले. आता तुमच्या कामाचं सांगतो. लग्नाच्या, मुंजीच्या ज्या व्हीसीडी कपाटात पडल्या आहेत आणि ज्या नव्या कॉम्प्युटरवर ‘फाइल ओळखता येत नाही’ म्हणतात, त्या बहुतेक वेळा व्हीएलसीवर चालतात. आपल्या सोसायटीच्या २००४ च्या गणेशोत्सवाची व्हीसीडी अशीच चालली. मघाशी पडद्यावर जी लेझीम पाहिलीत ती त्यातलीच. त्या मुलांपैकी तीन जण आज आपापली मुलं मांडीवर घेऊन इथे बसले आहेत.

हिशेबासाठी लिब्रेऑफिस. २०१० साली काही स्वयंसेवकांनी जुन्या ओपनऑफिसपासून वेगळी चूल मांडली, ती ही. पत्र, तक्ता, सगळं होतं, वर्षाची वर्गणी नाही. ज्यांना पुस्तकं कॉम्प्युटरवर किंवा वाचनयंत्रावर वाचायची आवड आहे त्यांनी ‘कॅलिबर’ बघावं. कोविद गोयल या आपल्या भारतीय माणसाने अमेरिकेत शिकत असताना २००६ मध्ये स्वतःच्या गरजेपोटी ते लिहायला घेतलं आणि आजही तो ते सांभाळतोय. आणि मराठी टाइप करणाऱ्या जुन्या मंडळींना ‘गमभन’ आठवत असेल, तेही एका मराठी तरुणाचंच हौसेचं काम.

तक्त्यावरून आठवलं. मेंटेनन्सच्या तक्त्यात पाण्याचा दर बदलला की अठ्ठेचाळीस बिलं क्षणात बदलतात, याचं आता आपल्याला काही वाटत नाही. मी बँकेत लागलो तेव्हा मात्र एक आकडा चुकला की पेन्सिल-खोडरबर घेऊन रात्रीचे नऊ वाजायचे. ही जादू पहिल्यांदा घरगुती कॉम्प्युटरवर आली १९७९ साली. डॅन ब्रिकलिन नावाचा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचा विद्यार्थी. फळ्यावर एक आकडा बदलला की सगळी बेरीज पुसून पुन्हा लिहावी लागते, यावरून त्याला कल्पना सुचली. त्याने आणि बॉब फ्रँक्स्टन या मित्राने मिळून ‘व्हिझिकॅल्क’ केलं. या ब्रिकलिनचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, साधंसुधं, त्यानेच लिहिलेलं. तिथे ही सगळी हकीकत आहे, आणि व्हिझिकॅल्कची आयबीएम पीसीसाठीची १९८१ ची प्रतही उतरवून घेता येते. आकार सुमारे सत्तावीस किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सॲपवर सकाळी जे गुलाबाचं फूल येतं ना ‘शुभ सकाळ’ म्हणत, ते त्याहून जड असतं!

म्हणजे बघा, साधनांवरून आपण माणसांच्या पानांवर आलो. इंटरनेट म्हणजे आपल्याला आता चार-पाच कंपन्यांची नावं वाटतात. मुळात ते तसं नव्हतं. स्वित्झर्लंडच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये पहिलं संकेतस्थळ सगळ्यांसाठी उघडलं, आणि १९९३ च्या ३० एप्रिलला सर्नने हे तंत्र कुणीही फुकट वापरावं असं जाहीर केलं. कुणीही पान लिहावं, कुणीही वाचावं. ती पहिली पानं आजही उघडून बघता येतात. नुसती अक्षरं आणि निळ्या अधोरेखित जोडण्या.

मला आवडलेल्या पानांपैकी दोन सांगतो. एक डोनाल्ड क्नूथ या मोठ्या संगणकशास्त्रज्ञाचं, स्टॅनफर्ड विद्यापीठात. कॉम्प्युटरवरचे जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १ जानेवारी १९९० पासून ई-मेल वापरणं सोडलंय, आणि ते का, हे तिथे नीट लिहून ठेवलंय. आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा चेक पाठवत. दोनशे छप्पन्न हा कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका आकडा. लोक तो चेक वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. पुढे चेकवरच्या खाते क्रमांकाचा गैरवापर व्हायला लागला, तेव्हा २००८ पासून त्यांनी खरे चेक थांबवले आणि सॅन सेरिफ नावाच्या एका काल्पनिक बेटाच्या काल्पनिक बँकेची ठेव-पावती द्यायला सुरुवात केली. कुणाच्या खात्यात किती जमा, त्याची यादी त्यांच्या पानावर आहे. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, इतकी विश्वासार्ह बँक पाहिली नाही.

दुसरं पान शेल्डन ब्राउन यांचं, आणि हे मला जास्त जवळचं वाटतं. हा माणूस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट न्यूटन गावात एका सायकलच्या दुकानात काम करायचा. सायकलबद्दल जे जे म्हणून माहीत होतं ते सगळं त्याने आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवलं. ब्रेक कसा बसवायचा, गिअरचं गणित, चाकाच्या तारा कशा ओवायच्या, जुन्या इंग्लिश सायकलींचे आटे कुठले, शब्दांचा एक अख्खा कोश. मध्येमध्ये विनोद, घरच्यांचे फोटो, हेल्मेटवर गरुड बसवलेला स्वतःचा फोटो. माझ्या नातवाने ती काटकुळी जुनी सायकल काढली होती, पाहिलीत ना खाली, तिचा मागचा ब्रेक आम्ही दोघांनी ह्याच्या पानावर वाचून लावला. कोपऱ्यावरच्या दुकानात ‘असला ब्रेक आता कोण लावतं’ म्हणाले होते. दुपारभर नातू आणि मी, हात काळे. शेवटी मी म्हटलं, या काकांना आभाराचं पत्र लिहूया. तेव्हा वाचलं, की शेल्डन ब्राउन २००८ च्या फेब्रुवारीतच गेले.

ते पान मात्र आहे. त्यांची पत्नी आणि मित्र ते चालवतात, दुरुस्त करतात, नव्या गोष्टी घालतात. ज्या दुकानात ते कामाला होते ते दुकानही २०२१ मध्ये बंद झालं. दुकान नाही, दुकानदार नाही, पण सायकल दुरुस्त झाली. हमीपत्राच्या प्रकरणानंतर वर्षभर माझ्या डोक्यात जो गुंता होता तो त्या दुपारी जरा सुटला. ती कंपनी बंद पडली यात विशेष काही नव्हतं, दुकानं बंद होतातच. चूक ही, की आपले कागद बाहेर कसे काढायचे ते मी आत ठेवण्याआधी विचारलं नव्हतं. शेल्डनची पानं म्हणजे साध्या फाइली. पत्नीने उचलल्या, मित्राने उचलल्या, काम पुढे चालू. माझे कागद मात्र दुसऱ्याच्या कुलपात होते.

(सभेत एका तरुण सभासदाने विचारलं, ‘काका, बंद पडलेली संकेतस्थळं इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात ना, तिथे बघितलं नाही का?’ बघितलं. सॅन फ्रान्सिस्कोची ही संस्था १९९६ पासून जगभरातल्या पानांच्या प्रती साठवते, आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’वर त्या कुणालाही बघता येतात. फार मोठं काम आहे. पण पासवर्डच्या आतलं त्यांना साठवता येत नाही. त्या ॲपच्या कंपनीचं पहिलं पान मला तिथे मिळालं. त्यावर लिहिलं होतं, ‘तुमचे दस्तऐवज कायमचे सुरक्षित’.)

आता कमिटीसाठी एक विनंती, आणि ती मी लेखी दिलेलीच आहे. यापुढे कुठलंही ॲप घ्या, मी विरोध करणार नाही, एकदा करून पाहिला आहे. गेटवरची नोंद, बिल भरणं, याला ॲप सोयीचंच आहे. फक्त विकायला आलेल्या मुलाला एक प्रश्न विचारा, ‘उद्या आम्ही सोडून गेलो तर आमचा सगळा हिशेब आणि सगळे कागद आम्हाला साध्या फाइलींत कसे मिळणार? आत्ता काढून दाखव.’ तक्ता ‘सीएसव्ही’त मिळतो का बघा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविराम टाकलेली साधी अक्षरं, नोटपॅडमध्येही उघडते. दाखवता आलं तर सही करा. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत काढा. एक ऑफिसात, एक सेक्रेटरींच्या घरी हार्ड डिस्कवर, एक सोसायटीच्या बाहेर कुणाकडे तरी. स्टॅम्प पेपर मात्र स्टॅम्प पेपरच असतो, तो कपाटात. कपाट मी पुन्हा घेऊन दिलंय, माझ्या पैशाने, त्याचा ठराव करू नका.

फुकट साधनं उतरवताना ज्येष्ठांनी एक जपायचं. बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ती पुष्कळदा जाहिरात असते, आणि मोठं हिरवं ‘डाउनलोड’चं बटण पुष्कळदा भलतंच काहीतरी गळ्यात घालतं. फोनवर कुणी ‘हे ॲप टाका, मी तुमचा स्क्रीन बघून मदत करतो’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. त्यात सभ्यपणा आडवा येऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट सुचवायची होती, म्हणून मुख्यतः बोलायला उभा राहिलो. आपल्यापैकी प्रत्येकाकडे असं काहीतरी आहे जे गुगलवर नाही. ‘अ’ विंगमधल्या वहिनींना देशावरची आणि कोकणातली मिळून कितीतरी लोणची येतात, प्रमाणासकट. आपले निवृत्त लाइनमन काका या भागात वीज कशी आली ते सांगायला लागले की तासभर उठवत नाही. मराठी गाण्यांचे शब्द आणि कवी शोधायला आपण सगळे ‘आठवणीतली गाणी’वर जातो, तेही कुणीतरी हौसेने एकेक गाणं जमवत गेलं म्हणूनच आहे ना! असं पान लिहायला फार काही येत असावं लागत नाही. मी सदुसष्टाव्या वर्षी शिकलो. नोटपॅडच उघडायचं. परिच्छेदाच्या आधी कोनी कंसात एक खूण, मथळ्याला दुसरी खूण, चित्राला तिसरी. चार-पाच खुणांवर काम भागतं. याला एचटीएमएल म्हणतात, नाव ऐकून घाबरू नका. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की पान दिसतं. इंटरनेटवर टाकायची की नाही ते नंतर ठरवा. पेन ड्राइव्हवर घालून नातवंडांना दिलीत तरी ते पानच आहे. फक्त जाहीर करणार असाल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन नंबर, मुलांचे फोटो त्यात घालू नका.

सोसायटीचं असं एक पान मी करायला घेतलंय. पाइपलाइन कुठून कुठे जाते, कुठला व्हॉल्व्ह कुठलं पाणी बंद करतो, टाकीची क्षमता, लिफ्ट कधी बदलली, आवारातली झाडं कुणी लावली. आणि त्याबरोबर पहिल्या चार वर्षांची ती हस्तलिखित वही, यूनिकोडमध्ये टाइप करून. दोनशे बारा पानं आहेत. एकेक बोटाने टाइप करतोय, एकसष्ट पानं झाली. बासष्टाव्या पानावर आठवडाभर अडकलो होतो. पहिल्या सेक्रेटरींचं अक्षर तसं सुरेख, पण त्या दिवशी घाईत असावेत. गच्चीवर पत्र्याची शेड घालायच्या ठरावापुढे एक शब्द होता, तो काही केल्या लागेना. भिंगातून पाहिला, फोटो काढून मोठा करून पाहिला, मुलाने कुठल्या तरी यंत्राला वाचायला दिला, यंत्राने ‘मूर्त’ वाचलं. शेवटी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चष्मा लावला, वही जरा लांब धरली आणि म्हणाल्या, ‘तूर्त आहे ते. विषय तूर्त तहकूब. ते त चा काना असाच वळवायचे.’

वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. उरलेल्या पानांसाठी त्यांनी मला मंगळवार आणि शुक्रवार दुपारी चारची वेळ दिली आहे. ज्यांना टाइप करता येतं, थोडं थोडं जरी, त्यांनी माझ्याकडे नाव द्यावं. पाच-पाच पानं वाटून घेतली तर दिवाळीपर्यंत वही पुरी होईल. जुन्या सीड्या, व्हीसीड्या आणि न उघडणाऱ्या मराठी फाइली घेऊन रविवारी अकराला ऑफिसात या, मी असतो. शेडचा विषय अजून तहकूबच आहे असं अध्यक्ष खुणेने सांगताहेत, तेव्हा तो मी काढत नाही.